कुंवार, वाळा आणि मालूताई

ये, अशी जवळ ये बघू. फोन कानाला लावून लांबून नको. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बस आणि आधी माझी बोलणी खाऊन घे. बिजल, असले प्रश्न फोनवर विचारतात होय गं? मी इथे गॅसवर दूध ठेवून उभी, आणि तू तिकडे नागपूरला बसून म्हणतेस, "काकू, खरं सांग, अण्णाआजोबांनी मला कधी मनापासून घरची मानलं होतं का?" गेलं सगळं दूध उतू. वर आणखी, "नाही गं, सहज विचारलं." सहज! तिशी ओलांडलीस, पदरात पोर आहे, आणि लहानपणचं कुसळ अजून टोचतंय, ते काय सहज?

फोनवर मला धड सांगता यायचं नाही. मधेच तुझा आवाज तुटतो, मधेच माझा. म्हणून लिहायला बसले. तूच म्हणाली होतीस ना, आईबद्दल लिहून दे, मुलीला वाचायला होईल? मग तुला माहीत असलेलंही लिहिणार. ज्या पोरीनं आजीला नीट पाहिलंच नाही तिला कळायला नको? माझं शाळेतलं शिक्षण सातवीपर्यंतचं. बाकीचं भिंतीतून झालं. ते कसं, इथूनच सुरुवात करते.

इकडे गुजरातेत, रावपुऱ्यात, आमचं आणि तुझ्या आईचं, मालूताईचं घर एकाच बोळात, मधे एकच भिंत, तीही एका विटेची. त्या बाजूला मालूताईची बाहेरची खोली, या बाजूला माझं स्वयंपाकघर. मालूताई मराठी शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायची. आमचे हे मकरपुऱ्याच्या कारखान्यातून कंपनीच्या बसनं साडेसहाला यायचे, तोवर माझी कणीक, भाजी आणि मालूताईचा तास असं सगळं एकदमच चालायचं. बेडकाचं हृदय तीन कप्प्यांचं असतं हे मला पोळ्या लाटता लाटता कळलं. अजून मी शेवटची पोळी टाकताना तीन कप्पे म्हणते, सवयच लागली.

दिसायला कशी होती? उंच, सडसडीत, केसांची घट्ट वेणी, आणि गळ्यात मंगळसूत्राच्या जागी काळ्या दोरीत ओवलेलं भिंग. खरंच भिंग! बाजारात वांगी घेताना ते डोळ्याला लावायची. भाजीवाली ओरडायची, "ए बेन, शाक लेवुं छे के परीक्षा लेवी छे?" मालूताई शांतपणे म्हणायची, "परीक्षा. नापास." आणि वांगं परत ठेवायची.

लग्न केलं नव्हतं. का नाही, ते कुणी विचारलं तर म्हणायची, "प्रश्न कळला नाही, पुन्हा विचारा." पुन्हा विचारायची कुणाची छाती व्हायची नाही. पण लाजणंबिजणं काही नाही हं. एका नवरात्रात आमच्याकडे कुमारिकांचं जेवण होतं, आठ-नऊ वर्षांच्या पोरी परकर सावरत ओळीनं बसलेल्या. ही शाळेतून आली, पाय धुतले, आणि शेवटच्या पाटावर जाऊन बसली. बेचाळीस वर्षांची! सासूबाई म्हणाल्या, "अगं मालू, ह्या कुमारिका आहेत." ही म्हणाली, "मग मी कोण? नियमात वय लिहिलंय का कुठे?" सासूबाईंनी निमूटपणे तिचेही पाय पुसले, कुंकू लावलं, खीर वाढली. पोरींना दिला तसला गुलाबी हातरुमालही दिला. तो रुमाल तिनं पुढे कित्येक वर्षं फळा पुसायला वापरला.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. कुणी काही सांगितलं की भिंग बोटांत फिरवत विचारायची, "पाहिलंस की ऐकलंस?" पाहिलं असेल तर पुढे बोलायचं. ऐकलं असेल तर आधी जाऊन पाहून यायचं. ह्या वाक्यानं आमच्या बोळातल्या निम्म्या गप्पा बंद पाडल्या होत्या.

आणि दुसरी सवय म्हणजे चुका सुधारणं. लाल पेन कायम पोलक्याला अडकवलेलं. लग्नाची पत्रिका आली तरी आधी तिच्यातल्या चुका सुधारायची, मग तारीख बघायची. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर आत जाऊन सांगायची. अण्णा, म्हणजे तिचे वडील, ओट्यावर बसून मोठ्यानं पेपर वाचायचे, तर ही आतून त्यांचे उच्चार सुधारायची. चूक दिसली आणि तिनं सोडून दिली असं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. ते शेवटी सांगेन.

आता माझी फजिती ऐक. तास चालू असताना भिंतीतून यायचं, "लिहा. नराशिवाय, एकट्या मादीच्या बीजापासून पिल्लू होणं, याला म्हणतात अभिषेकजनन." मला बाई तो शब्द फार आवडला. तीन वर्षं तो मी मनात बाळगला. आणि एका चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला, बायका आंब्याची डाळ खात बसल्या असताना, मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आपल्या गौरीनं अंगाच्या मळाचा गणपती केला, ते काही उगाच नाही. शास्त्रातसुद्धा आहे. अभिषेकजनन म्हणतात. अभिषेक करायचा, नर लागतच नाही."

 मग एकीनं विचारलं, "कशाचा गं अभिषेक? दुधाचा की साध्या पाण्याचा?"

मी म्हटलं, "ते शाळेत नक्की सांगत नाहीत."

कोपऱ्यात मालूताई पन्हं पीत होती. ते तिच्या नाकातोंडातून बाहेर आलं. पण चारचौघींत एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी भिंतीवर टकटक झाली. "सुमन, अ-नि-षेक. निषेक म्हणजे नराच्या बीजाशी जुळणं. अ म्हणजे ते नाही. अभिषेक कुणी केला?" आणि थोडं थांबून, "पाहिलंस की ऐकलंस?" मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "ऐकलं." "तरीच."

मग माझी रीतसर शिकवणीच सुरू झाली. शेवग्याच्या कोवळ्या शेंड्यावर मावा पडला होता, तो तिनं भिंगातून दाखवला. उन्हाळ्यात ह्या माव्यात सगळ्या बायकाच. नर नाही, लग्न नाही, लेकीमागून लेकी. आणि ती लेक जन्मतानाच गरोदर! मी म्हटलं, "अरे देवा, म्हणजे बिचारीला बाळंतपणाला माहेरी जायचीही सोय नाही." मालूताई म्हणाली, "माहेरच तिच्याबरोबर जन्मतं." आणि मधमाशीचं तर अजबच. राणीनं नराचं बीज न लावता अंडं घातलं की त्यातून नर निघतो. म्हणजे नर मधमाशीला बाप नसतो. "पण आजोबा असतो," ती बोट वर करून सांगायची, "कारण राणीला बाप असतो. लिहा. बाप नाही, आजोबा आहे." हे वाक्य दर वर्षी जुलैत एकदा भिंतीतून यायचं. पोरं दर वर्षी हसायची. ओट्यावर बसलेले अण्णा दर वर्षी पेपर खाली करायचे आणि पुन्हा वर धरायचे. मला वाटायचं, त्यांना आवडत नसणार.

अण्णा कसे होते, तेही सांगायला हवं. संस्थानाच्या काळात दफ्तरात नोकरीला लागलेले, पुढे सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. गुजराती अर्ज लिहावा तर त्यांनीच. आणि त्यांच्या जिवापलीकडचं एकच होतं, घराण्याची वंशावळ. कापडावर चिकटवलेला मांजरपाटासारखा जाड कागद, गुंडाळी करून पत्र्याच्या नळकांड्यात ठेवलेला. नऊ पिढ्या. प्रत्येक नावाला गोल, गोलातून खाली रेघ. सख्ख्या मुलाला ठसठशीत सलग रेघ, दत्तक घेतलेल्याला तुटक. बायकांची नावं नाहीत. नसायचीच तेव्हा कुठे. सगळ्यात खाली अण्णांचा गोल, आणि त्याखाली कोरं. एकुलती एक मुलगी, तीही लग्न न केलेली. कुणी आलं की ते कागद उलगडून दाखवायचे, आणि स्वतःच्या नावापाशी आले की गुंडाळायला लागायचे.

आणि मग ती कुंडी. तुला आठवते ना, तुझ्या आईच्या दारातली? आपण मराठीत कोरफड म्हणतो, पण इथे तिला गुजराती नावच चिकटलेलं, कुंवारपाठुं. कुंवार म्हणजे कुमारिका. आता बघ, नाव कुंवार, आणि बुडाशी दर वर्षी आठ-दहा पिल्लं! बोळातली गुजराती पोरं मालूताईला पाठीमागे कुंवारपाठुंच म्हणायची. तिला ते ठाऊक होतं. म्हणायची, "बरोबर आहे. कडू, औषधी, आणि पाणी नसलं तरी जगणारी." पण मी एकदा म्हटलं, हेही तुझं अनिषेकच ना, तर फाडकन उत्तर, "नाही. हे कोंब. बीजच नाही तर अनिषेक कसलं? कोंब वेगळा, कुंवारपण वेगळं. नीट बघ."

एका सकाळी ती कुंडी बदलताना मातीत काहीतरी वळवळलं. शेवईएवढं बारीक, काळपट, चकाकतं. मी गांडूळ समजून हात घातला, तर त्यानं जीभ काढली! मी जी किंचाळले, सगळा बोळ झाडू, काठ्या घेऊन धावला. मालूताई तोंडात ब्रश घेऊन आली. तिनं ते सरळ तळहातावर घेतलं.

"वाळा आहे. साप, पण आंधळा. मुंग्यांची अंडी खातो, चावत नाही." ब्रश बाजूला ठेवून मग आदरानं म्हणाली, "खातो नाही, खाते. ह्यांच्यात आजवर नर कुणाला सापडलेलाच नाही. सगळ्या माद्या. एकटी कुंडीतल्या मातीतून परगावी जाते, आणि तिथे एकटीनं संसार उभा करते."

काठ्या खाली आल्या. समोरच्या काकी हात जोडून म्हणाल्या, "माताजी छे." मालूताई म्हणाली, "माताजी म्हणा, चालेल. पण मारू नका." आणि तिला परत कुंवारच्या बुडाशी सोडून दिलं.

देवाधर्माला ती हसायची नाही बरं का. वर्गात एका पोरानं विचारलं होतं, बेन, मरियमला झालं, गौरीला झालं, ते खरं की खोटं? हिनं सांगितलं, "माणसात तसं होत नाही. सस्तन प्राण्यांत कुठेच होत नाही. हे जीवशास्त्र, हे पेपरात लिहायचं. आता गोष्ट बघ. बापाशिवायच्या मुलाला लोकांनी कुठे बसवलं? सगळ्या देवांच्या आधी. पहिला नमस्कार त्याला. गोष्ट सांगणाऱ्यांना काय म्हणायचं होतं ते घरी जाऊन विचार करा." त्यांच्या शाळेत मार्थाबेन म्हणून शिवणाच्या बाई होत्या, नाताळात आम्हाला केक आणून द्यायच्या. त्या एकदा आमच्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "आमच्या मरियमच्या देवदूताचं सगळे सांगतात. तिच्या शेजारणींचं कुणी सांगत नाही. तिलाही शेजारीपाजारी होतेच की! आणि तो सुतार, योसेफ. त्यानं बापडं नाव लावू दिलं, म्हणून पुढचं सगळं निभावलं."  मालूताई नुसतं भिंग फिरवत राहिली.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत ती तुला घेऊन आली.

तू दोन वर्षांची, डोकं तासलेलं, नाकात शेंबूड, आणि मुठीत अनाथाश्रमातल्या बाईंच्या पदराचा सुटलेला धागा. दत्तकाचे, कोर्टाचे कागद सगळे रीतसर. दोन वर्षं खेटे घालत होती, कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. नाव आश्रमानं ठेवलेलं, बिजल. बायका म्हणाल्या, आता छानसं मराठी नाव ठेव. ही म्हणाली, "नाव तिचं आहे, माझं नाही. ती हाकेला ओ देते, पाहिलं मी." अण्णांनी तुझ्याकडे पाहिलं, हिच्याकडे पाहिलं, आणि एवढंच म्हणाले, "राहू दे घरात. पण नावाचं काय?" बिजल ह्या नावाबद्दल नव्हतं ते. मधलं नाव, बापाचं नाव, त्याचं काय?

मालूताई तुला कडेवर घेऊन आत गेली. आणि त्या दिवसापासून अण्णा तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. मालूताईच्या जेवणात मीठ कमीजास्त व्हायला लागलं ते तेव्हापासून. तिनं जगाला उत्तरं दिली असती, पण ह्या एका माणसाचं गप्प बसणं तिला खात होतं.

बोळात कुजबुज झालीच. "दोन वर्षांची आहे ना? दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात मालू महिनाभर कुठे होती?" समोरच्या काकींनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं. आणि मी, सातवी पास सुमन, पहिल्यांदा मालूताईचं वाक्य तोंडातून काढलं, "काकी, पाहिलंत की ऐकलंत?" काकी चपापल्या. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मुंबईहून कुणी मोठं बक्षीस दिल्यासारखं.

तीन वर्षं गेली. बोळात केबलच्या तारा आल्या, एसटीडीचं पिवळं खोकं आलं, आमच्या ह्यांच्या कंपनीत परदेशी यंत्रं आली. त्याच वर्षी पेपरात आलं की विलायतेत बापाशिवाय मेंढी तयार केली. अण्णांनी ते मोठ्यानं वाचलं, तर आतून हिचा आवाज, "तीन आया आहेत तिला, अण्णा. एकीचं बीज, एकीचा गाभा, एकीचं पोट." अण्णा पेपरालाच म्हणाले, "तीन आया! आणि नाव कुणाचं लावतात?" हे तू पाच वर्षांची असताना, शाळेत नाव घालायच्या महिन्यात.

जून महिना. मालूताईनं तुला स्वतःच्या शाळेत घालायचं नाही असं ठरवलं होतं, बाईंची पोर म्हणून बिघडशील. बोळाच्या तोंडाशी दुसरी शाळा होती, तिथे निघालो. ती, तू, तुझी पाण्याची बाटली धरायला मी. आणि छत्री घेऊन मागून अण्णा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. म्हणाले, "मला टपालात काम आहे." टपाल कचेरी उलट्या बाजूला.

कचेरीत क्लार्कभाई फॉर्म भरत होते. मुलीचं नाव झालं, जन्मतारीख झाली.

"बापनुं नाम?"

"नथी," मालूताई म्हणाली.

"गुजरी गया?"

"ना."

"छूटाछेडा?" म्हणजे घटस्फोट.

"ना. हुं कुंवारी छुं."

पेन थांबलं. बाकावरच्या दोन आयांनी माना वळवल्या. तू पेपरमिंट चघळत होतीस, तुला काही नाही. मालूताईनं दत्तकाचा कागद पुढे केला. भाई वाईट नव्हते गं. त्यांनी आवाज खाली करून हिंदीत सुचवलं, "बेन, ये खाली रहेगा तो फॉर्म वापस आएगा. आपके फादर आए हैं ना? उनका नाम डाल दो बाप में. ऐसे बहुत करते हैं."

"मग ती माझी बहीण होईल," मालूताई म्हणाली. "खोटं नाही लिहिणार."

"तो एडमिशन नहीं होगा, बेन."

बिजल, मी तिला कधी हरलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी तिचा हात भिंगाकडे गेला आणि नुसताच धरून राहिला. मागे बाप बसलेला. ज्याच्या नावाशिवाय पोरीची शाळा अडली होती, आणि ज्याचं नाव खोट्या रकान्यात लिहायला ही तयार नव्हती. त्यांनी आता काय म्हणावं? राहू दे, घरी चल, म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं.

छत्री ठोकल्याचा आवाज आला. अण्णा उठले. क्लार्कसमोर जाऊन चष्मा लावला, फॉर्म उलटा करून मागची सगळी बारीक अक्षरं वाचली. मग खणखणीत आवाजात म्हणाले, "बाप नाही. आजोबा आहे."

क्लार्कभाईंना काही कळेना. मला कळलं. जुलैतला तास! इतकी वर्षं पेपरामागून ऐकत होते.

"अण्णा," मालूताई म्हणाली, "ती नर मधमाशी. ही मुलगी आहे."

"गप बस," अण्णा म्हणाले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिच्याकडे वळून, कामाशिवाय काही बोलले असतील तर ते हे. मग कोरा कागद मागून घेऊन उभ्या उभ्या जुन्या दफ्तरी गुजरातीत अर्ज लिहिला. अक्षर असं की मान वाकवून बघत राहावं. दत्तकाचा हुकूम जोडला आहे, आईचं नाव मधलं नाव म्हणून लावावं, पालक म्हणून खाली सही करणार आजोबा, आणि बापाचा रकाना कोरा ठेवावा. क्लार्कभाई म्हणाले, "साहेब, कोरा?" अण्णा म्हणाले, "कोरो रकानो खोटो नथी, भाई. भरेलो खोटो होय." आणि आवक शिक्का मारून पोच मिळेपर्यंत खुर्चीवरून हलले नाहीत. मोठ्या बाई बाहेर आल्या, अर्ज वाचला, अण्णांना नमस्कार केला, आणि तुझं नाव लागलं: बिजल मालती.

येताना सेव-उसळ खाल्ली आम्ही, रस्त्यावर उभं राहून. अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा. नाकातून पाणी येत होतं. तिखटानं, असं ते म्हणाले.

आता तू म्हणशील, काकू, हे मला माहीत आहे. मग तुझं कुसळ कुठलं ते मला माहीत नाही असं वाटतं का? तू सात वर्षांची होतीस. अण्णा पाहुण्यांना वंशावळ दाखवत होते आणि तू जांभळं स्केचपेन घेऊन गेलीस, "आजोबा, इथे माझं नाव लिहू?" त्यांनी तुझा हात धरला, "वंशावळीला हात लावायचा नाही," आणि कागद गुंडाळून नळकांड्यात घातला, वर कुलूप. तू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसलीस आणि एक पोळीही खाल्ली नाहीस. शाळेचं नाव दिलं, घराण्याचं दिलं नाही, हेच ना? त्यानंतर त्यांनी तो कागद कुणालाही दाखवला नाही. आणि तू विचारायचीही थांबलीस.

अण्णा गेले तेव्हा तू दहाची. तेराव्यानंतर एका दुपारी, तू शाळेत होतीस, मालूताईनं भिंतीवर टकटक केली. गेले, तर ते नळकांडं उघडून बसलेली. आम्ही दोघींनी कागद जमिनीवर उलगडला. नऊ पिढ्या, पुरुषांची नावं, गोल, रेघा. आणि अण्णांच्या गोलाखाली, त्याच सुंदर अक्षरात, नीट काढलेला गोल: मालती. त्याखाली आणखी एक: बिजल. गोलाच्या कडेला जांभळा रंग. तुझं ते स्केचपेन! कुलूप लावून नंतर कधीतरी त्यांनी स्वतःच त्यानं गोल काढला होता. आणि तुझ्या आईपासून तुझ्यापर्यंत रेघ होती. तुटक नाही. सलग, ठसठशीत, दोनदा गिरवलेली.

मालूताईनं भिंग लावून ती रेघ पाहिली. वरून खाली, खालून वर. मग पोलक्याचं लाल पेन काढलं. मला माहीत होतं, आता ती म्हणणार, अण्णा, दत्तकाला तुटक रेघ. तुमचाच नियम. तिनं टोपण काढलं. पेन कागदाशी नेलं. आणि थांबली. किती वेळ थांबली, माझ्या घरचा कुकर तीन शिट्ट्या होऊन गप्प झाला. मग तिनं टोपण लावलं आणि पेन पोलक्याला परत अडकवलं.

"चूक आहे," ती म्हणाली. आणि हसली. "राहू दे."

मी म्हटलं, पोर आली की दाखव. ती म्हणाली, "नको. न विचारता दिलेलं उत्तर पोरं वहीत उतरवतात आणि विसरतात. ती विचारेल तेव्हा." मग म्हणाली, "मला नाही विचारायची. मला वाईट वाटेल म्हणून गप्प राहील. तुला विचारेल, सुमन. तू ठेव." आणि ते नळकांडं माझ्या हातात देऊन ती दारात कुंवारला पाणी घालायला गेली. भिंगातून वाकून बुडाशी काहीतरी बघत होती. मी विचारलं, काय गं? म्हणाली, "वाळ्याची लेक दिसतेय. एकटीच आहे, पण झकास आहे." माझ्या डोळ्यांपुढे मालूताई म्हटली की तीच येते. पाठमोरी, वाकलेली, आणि आवाजात हसू.

पुढे ती तुझ्याकडे नागपूरला आली, तिथलं, तिचं शेवटचं, तुला माहीतच आहे. आणि तू तब्बल वीस वर्षं विचारलं नाहीस गं! मी वाट बघून बघून म्हातारी झाले. आता विचारलंस ते दूध उतू जाताना.

तर उत्तर माझ्या कपाटात आहे, जुन्या साड्यांच्या मागे. आम्ही आता छाणीला राहतो, स्टेशनवरून सरळ रिक्षा मिळते. कुंवारही बरोबर आणली आहे, तिची सोळा पिल्लं झालीत, एक तुझ्यासाठी वेगळ्या कुंडीत लावून ठेवलं आहे. मातीत काही वळवळलं तर किंचाळू नकोस. मी पोस्टानं काही पाठवणार नाही, फोटोबिटो काढून तर मुळीच नाही. माझं तू नुसतं ऐकलंस. तुझ्या आईनं तुला काय शिकवलं? पोरीला घे, जांभळं पेन घे, खाली जागा भरपूर कोरी आहे. लवकर ये आणि पाहा.